सांगलीत खोली घेऊन राहताय? किराणा-भाजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जून-जुलैत वालचंद, विलिंग्डन, मिरजेचं मेडिकल कॉलेज, बुधगावचं इंजिनिअरिंग अशा ठिकाणी नवी मुलंमुली येतात. कुणी जत-आटपाडीकडची, कुणी मराठवाड्यातली, कुणी कर्नाटकाच्या सीमेवरची. घरी किराणा वडील भरतात, भाजी आई आणते, त्यामुळे पावशेर शेंगदाणे किती दिवस पुरतात हे त्यांना कधी कळायची वेळच आलेली नसते. खोलीवर पहिल्या महिन्यात जे प्रश्न हटकून पडतात, ते इथं एकत्र केलेत.

भाव आठवड्याला हलतात, म्हणून रुपयांचे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत. वजनं दिली आहेत. त्यांच्यापुढे त्या दिवशीचा दर मांडा, तुमचं बजेट निघेल. आणि एक गोष्ट सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल: विद्यार्थ्याचे पैसे चढ्या भावात जातात त्याहून जास्त सडलेल्या टोमॅटोत, किडलेल्या रव्यात आणि अर्धवट वापरलेल्या पाकिटांत जातात.

खानावळ लावावी की खोलीवर करून खावं?

आधी कॉलेजचं वेळापत्रक बघा. सकाळी आठला प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी सहाला सुटका असेल, तर दोन्ही वेळचा स्वयंपाक पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. मग आणलेलं सामान तसंच पडून राहतं आणि वरून बाहेरचा वडापाव सुरू होतो, म्हणजे खर्च दुप्पट.

खानावळ लावणार असाल तर चवीइतकंच खाड्याचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याचं विचारा. किती दिवस सलग गेलं तर खाडा धरतात? आदल्या दिवशी सांगावं लागतं का? रविवारी रात्री बंद असते का? दिवाळीला, गावच्या जत्रेला गेल्यावर पैसे वजा होतात का? महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्यासाठी, दर थोडा जास्त असला तरी खाडे धरणारी खानावळ स्वस्त पडते.

माझं स्वतःचं मत मधल्या वाटेच्या बाजूनं आहे. सगळ्यात वेळखाऊ काम चपाती-भाकरीचं. ती पोळी-भाकरी केंद्रातून किंवा गल्लीत करून देणाऱ्या मावशींकडून नगावर घ्यायची आणि कालवण-भात खोलीवर करायचा. कुकर एकदा लावला की अर्ध्या तासात दोघांचं जेवण होतं. पीठ मळणं नाही, लाटणं नाही आणि गॅसही निम्मा लागतो.

एका माणसाला महिन्याला किती सामान लागतं?

चपाती खोलीवर करणार असाल तर एका मध्यम चपातीला साधारण ३० ग्रॅम पीठ धरा. दिवसाला सहा चपात्या म्हणजे १८० ग्रॅम, महिन्याला साडेपाच किलोच्या आसपास. तांदूळ एका वेळेला ७५ ग्रॅम. दिवसातून एकदा भात खाणाऱ्याला सव्वादोन किलो पुरतो. डाळी आणि कडधान्यं मिळून दिवसाला ८० ग्रॅम, म्हणजे महिन्याला अडीच किलोला थोडी कमी. तेल पाऊण ते एक लिटर. पोहे एक किलो घेतले तर बारा-तेरा नाश्ते होतात. शेंगदाणे एक किलो, त्यात कूटही आलं आणि रात्री अभ्यास करताना चघळायचेही आले. साखर चहाच्या सवयीवर आहे, पण एक किलोच्या वर लागत असेल तर चहा कमी करायला हवा. मीठ एक किलो आणलं की दोन महिने बघायला नको.

आता यातून वजाबाकी करा. शनिवार-रविवार गावी जाता? कँटीनला मित्रांबरोबर खाता? सबमिशनच्या आठवड्यात स्वयंपाक होत नाही? घरची यादी तीस दिवसांची असते, विद्यार्थ्याचे खरे दिवस बावीस-चोवीसच भरतात. पहिल्या महिन्यात वरच्या यादीच्या निम्मंच आणा. कमी पडलं तर कोपऱ्यावरचं दुकान आहेच, पण उरलेलं सामान कुणी परत घेत नाही.

किराणा कुठून भरायचा?

सांगलीत किराण्याची होलसेल पेठ म्हणजे गणपती पेठ, गणपती मंदिराच्या परिसरात. नावाला होलसेल असली तरी बरीच दुकानं दोन-पाच किलोनंही देतात. डाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे, पोहे इथं घेतले तर कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा किलोमागे फरक पडतो. पण विश्रामबागेतून किंवा मिरजेतून येण्या-जाण्याचं भाडं आणि अर्धा दिवस त्यात धरा. एकट्यानं तीन किलो सामानासाठी पेठ गाठण्यात काही अर्थ नाही. चौघांचं मिळून पंधरा-वीस किलो असेल तर जरूर जा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. गर्दी कमी असते आणि दुकानदार बोलायला मोकळा असतो.

पेठेत गेल्यावर पोत्यावरचं पाहून माल घेऊ नका. वरचा थर नेहमीच चांगला असतो. "शेठ, आतलं जरा दाखवा," म्हणायला लाजू नका, तिथं सगळेच तसं म्हणतात. मूठभर तळहातावर घ्या, फुंकर मारा, वास घ्या. शेंगदाणा एक खाऊन बघा. खवट असेल तर जिभेला लगेच कळतं. तांदूळ नवा की जुना ते विचारा. नवा मऊ आणि चिकट होतो, जुना किलोला थोडा महाग असतो पण फुगतो चांगला आणि भात मोकळा होतो. खिचडी, मऊ भात, इडलीसाठी अख्ख्या दाण्याचा आग्रह धरू नका. कणी किंवा तुकडा तांदूळ बराच स्वस्त असतो आणि पोटात गेल्यावर फरक काहीच राहत नाही.

तूरडाळ ही डाळींत बहुतेक वेळा महागच असते. तिच्यात निम्मी मसूरडाळ मिसळली तर आमटीची चव फारशी बदलत नाही, शिजतेही लवकर. आणि सांगली-इस्लामपूर-कऱ्हाडच्या पट्ट्यात राहून अख्खा मसूर करता न येणं बरं नाही! एक वाटी मसूर, दोन कांदे, लसूण, एक टोमॅटो आणि घरची चटणी. कुकरला मसूर मऊ करून घ्यायचा, कांदा लालसर परतायचा, मसूर त्यात घालून थोडा पळीनं मोडायचा आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्यायचा. ढाब्यावर एका प्लेटला जे मोजता, त्यात तिघांचं कालवण होतं.

रूमवर चौघं आहोत. सामान एकत्र घ्यावं का?

घ्यावं, पण सगळं नाही. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, गॅस, कांदा-बटाटा यांची कॉन्ट्री काढा. दूध, अंडी, बिस्किटं, फळं, तूप ज्याचं त्याचं. भांडणं कायम या दुसऱ्या यादीवरूनच होतात, कारण एक जण चार अंडी खातो आणि एकाला वासही चालत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांनी सारखी रक्कम एकाकडे द्यायची. सामान आणणारा दर महिन्याला बदलायचा आणि पावत्या एका वहीत चिकटवायच्या. मोबाईलवर हिशोब ठेवला तरी चालेल. मात्र "नंतर बघू" हा शब्द रूममध्ये येऊ देऊ नका. ज्याच्या घरून महिन्याला कमी पैसे येतात, तो बिचारा मागायला संकोचतो आणि नेहमी त्यालाच भुर्दंड बसतो.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं का?

नाही. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत एकक विक्री किंमत छापलेली असते. एक किलोपेक्षा कमी वजनाला ती ग्रॅममागे असते, जास्त वजनाला किलोमागे. तोच आकडा बघायचा. समजा २०० ग्रॅमचं पाकीट ४० रुपयांना आहे आणि ५०० ग्रॅमचं ११० ला. पहिलं ग्रॅमला २० पैसे पडतं, दुसरं २२ पैसे. "फॅमिली पॅक" लिहिलंय म्हणून उचललं तर जास्तच मोजाल. शाम्पूच्या पुड्या तर बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

तेलात विशेष लक्ष द्या. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण ८५० किंवा ८०० ग्रॅमची पाकिटंही दिसायला अगदी लिटरसारखीच असतात आणि "हे तेल स्वस्त आहे" असं वाटून आपण तीच घेतो. डब्यालाही तेच लागू आहे. १५ लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलोच्या वर थोडं तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५ किलो. दोन डब्यांच्या भावांची तुलना करताना हे आधी वाचा. सुटं तेल कुणी देत असेल तर घेऊ नका. खाद्यतेल पॅकबंदच विकायचा नियम आहे आणि सुट्या तेलात काय मिसळलंय हे ओळखता येत नाही.

आणि पाकीट स्वस्त पडूनही संपत नसेल, तर ते महागच. एकट्यासाठी अर्धा किलो रवा पुष्कळ झाला.

भाजी कुठून आणि कधी आणावी?

सांगलीत शिवाजी मंडई, मिरजेत लक्ष्मी मार्केट. शिवाय आपल्या भागात आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो ते घरमालकीणबाईंना विचारा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. त्यांच्याकडे दोन-तीनच भाज्या असतात, पण त्या सकाळीच तोडलेल्या असतात. कांदा-बटाट्याची घाऊक आवक कोल्हापूर रोडच्या विष्णूअण्णा पाटील फळ मार्केटला होते. दोन-तीन रूमनी मिळून कांद्याचं एक पोतं घेतलं तर चांगलं परवडतं, मात्र ते पसरून ठेवायला कोरडी, वारं लागणारी जागा हवी.

सकाळी माल ताजा आणि भाव पक्का. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव उतरतो. मेथी, पालक, कोथिंबिरीच्या पेंड्या तेव्हा निम्म्यावर येतात, पण त्या त्याच रात्री निवडून वापरायच्या असतील तरच घ्या. टोमॅटोचा उरलेला वाटा चटणी-सारासाठी उत्तम. खालची दोन मऊ पडलेली निघतील हे धरूनच घ्यायचा.

घासाघीस किती करायची, असंही मुलं विचारतात. पेठेतल्या दुकानात भाव जरूर विचारून घ्या, दोन दुकानं फिरा. पण पाटीत चार पेंड्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या आक्कांशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नका. एकाच ठिकाणी नेहमी जात राहिलात तर कढीपत्ता, मिरच्या न मागता पिशवीत पडतात आणि "आज वांगं घेऊ नको बाळा, किडकं हाय," हे सुद्धा तीच सांगते.

कोणत्या महिन्यात काय स्वस्त असतं?

थंडीत भाजीची चंगळ असते. मेथी, फ्लॉवर, गाजर, मटार, टोमॅटो, वांगी सगळं भरपूर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत भाजीवर हात सैल सोडायला हरकत नाही. अंडी मात्र थंडीत महागतात.

जानेवारीपासून तासगाव भागातली द्राक्षं सुरू होतात आणि मार्चपर्यंत गाड्यांवर ढीग लागतात. घडातून सुटलेले मणी वेगळे विकायला असतात, ते घडापेक्षा स्वस्त मिळतात. घरी आणून मिठाच्या पाण्यात चांगले धुवा, कारण द्राक्षावर फवारण्या बऱ्याच होतात.

मार्च ते मे या काळात उन्हाळी कांदा येतो. तो टिकतो, म्हणून साठवायचा असेल तर हाच. सप्टेंबरनंतर जुना कांदा संपत येतो आणि नवा आलेला नसतो, तेव्हा भाव चढतात. एप्रिलपासून भाजी आटत जाते आणि जून-जुलैत टोमॅटो हमखास चढतो. तेव्हा आमटीत आमसूल किंवा चिंच वापरा. श्रावणात भाजीची मागणी वाढते आणि अंडी-चिकनची उतरते. जे खातात त्यांच्यासाठी अंड्यांचा ट्रे घ्यायचा तो महिना. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारलं यांचे भाव एकदम उसळतात. पंधरा दिवस कडधान्यांवर काढले की झालं.

ज्वारी-गहू दळून आणावे की तयार पीठ?

गहू दळून आणलेला बहुतेक वेळा स्वस्त पडतो आणि चपातीही मऊ होते. गव्हाचं पीठ महिनाभर टिकतं, पण पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच दळा.

ज्वारीचं आठवड्याचंच. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि नव्यानं शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडू लागतं. गिरणीवाल्या काकांना आधी विचारा, ज्वारीचं दळण कधी लावता? हरभऱ्यावर ज्वारी दळली गेली तर भाकरीचा विचका होतो.

चिकन-पनीर परवडत नाही. अंगात ताकद कशी राहणार?

या प्रश्नात काळजी खरी असते, विशेषतः व्यायाम करणाऱ्या मुलांची. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम.

१०० ग्रॅम सोयावडीत जवळपास ५० ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यात २५, डाळी-कडधान्यांत २२ ते २४, पनीरमध्ये १८ च्या आसपास. एका अंड्यात ६, अर्ध्या लिटर दुधात १६. आता यांच्यापुढे आजचे भाव मांडा आणि दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते काढा. सोयावडी सगळ्यात खाली येते, तिच्यामागून मसूर, हरभरा, शेंगदाणा. मग अंडी आणि दूध. पनीर पार वर. डबाबंद प्रोटीन पावडरचा हिशोबही असाच करून बघा, म्हणजे तिची जाहिरात पाहताना हात आपोआप आखडतो.

डाळीला भात किंवा भाकरीची जोड हवीच. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून आमटी-भात हे पूर्ण जेवण आहे. मटकीला मोड आणा. एक किलो मटकीची दोन किलोच्या वर उसळ होते. सकाळी भिजत घातली, रात्री निथळून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात, थंडीत थोडे उशिरा. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोन वेळा घट्ट पिळा, म्हणजे तिचा उग्र वास जातो.

फ्रिज नाही. काय टिकतं?

कांदा, बटाटा, लाल भोपळा, दुधी, कोबी, गाजर, लिंबू. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका, बटाट्याला लवकर कोंब येतात. अंडी सावलीत आठवडाभर चांगली राहतात, मे महिन्यात तीन-चार दिवसच धरा. कोथिंबीर धुवून ठेवू नका. मुळं कापून कोरड्या फडक्यात गुंडाळा. दूध रोजच्या पुरतंच घ्या आणि आणल्या आणल्या तापवा. रात्रीचा भात थंडीत सकाळी फोडणी देऊन खाता येतो. उन्हाळ्यात मात्र रात्रभर उघड्यावर राहिलेला भात टाकून द्या, कारण आंबूस वास येण्याआधीच तो पोट बिघडवू शकतो.

रव्यात, डाळीत सारखे किडे होतात.

सामान कागदी पुड्यांत किंवा दुकानाच्या पिशवीत ठेवलं की टोके आणि जाळ्या होणारच. घट्ट झाकणाच्या बरण्या लावा, त्यात नव्या विकत घ्यायचीही गरज नाही. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून गार करून भरा. कडधान्यं दिवसभर उन्हात घाला. तांदळात कडुनिंबाचा वाळका पाला चालतो. बोरिक पावडर कुणी सुचवली तरी लावू नका. खोलीवर तांदूळ किती वेळा धुतला जातो, हे आपल्यालाच माहीत आहे.

हॉस्टेलवर शेगडी चालत नाही. मग?

भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, केळी, काकडी, दही, मोड आलेले मूग. आणि सांगलीत आहात, तर भडंग. तयार पाकिटापेक्षा चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, चटणी आणून घरी सुट्टीत मोठा डबा करून आणा. घट्ट झाकण असेल तर पंधरा दिवस कुरकुरीत राहतो. खोलीत चोरून विजेच्या शेगडीची कॉइल लावू नका. दंडापेक्षा आगीची भीती मोठी आहे.

घरून काय आणणं फायद्याचं?

सगळ्यात आधी चटणी, म्हणजे आपल्याकडचं कांदा-लसणाचं तिखट. उन्हाळ्यात घरोघरी होतं, तेव्हाच आपला वाटा काढून ठेवायला सांगा. हे एक असलं की गरम मसाला, धने-जिरे पूड, लाल तिखट अशी चार वेगळी पाकिटं लागत नाहीत. मग शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि शेतात होत असेल तर ज्वारी. गाव जवळ असेल तर सकाळच्या एसटीनं डबा मागवणारी मुलं अजूनही आहेत. ती सोय असेल तर संकोच करू नका.

हळद, बेदाणा सांगलीचाच. मग इथं स्वस्तात मिळत असेल ना?

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मार्केट यार्डात दोन्हींचे सौदे निघतात, पण ते व्यापाऱ्यांचे, पोत्यांचे. आपल्याला लागते १०० ग्रॅम हळद, तीही चार-पाच महिने पुरते, तिथं बचत शोधू नका. सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीधमक पूड टाळा आणि खात्रीच्या दुकानातून घ्या. बेदाण्यात मात्र फरक पडतो. हिरवा, लांबट मण्यांचा महाग, तपकिरी-काळपट स्वस्त. शिऱ्यात घालायला किंवा नुसता खायला काळाही छान लागतो.

रेशनकार्ड गावाकडं आहे. इथं धान्य मिळेल का?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं, म्हणजे प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय कार्ड असेल, त्यात तुमचं नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेतून कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. २०२३ पासून हे मोफत आहे. महिन्याचं सगळं धान्य घरच्यांनी आधीच उचललं असेल तर इथं काही शिल्लक राहत नाही. म्हणून घरी फोन करून ठरवा, तुमच्या वाट्याचं कुठं घ्यायचं. यात कमीपणा काही नाही, तो हक्क आहे.

गॅसचं काय करायचं?

पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडेनचा 'छोटू' त्यातलाच. ओळखपत्र दाखवलं की पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, तरीही मोठ्या टाकीतून छोट्यात गॅस भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका. बंद खोलीतला तो स्फोट फार वाईट असतो. हरभरा, चवळी रात्रीच भिजत घाला, कुकरच्या शिट्ट्या निम्म्यावर येतात.

मोबाईलवरून मागवलं तर?

भाव दिसायला सारखेच असतात, पण छोट्या ऑर्डरवर पोचवण्याचे आणि हाताळणीचे पैसे वेगळे लागतात. शेवटचा आकडा बघा. रात्री अकराला भूक लागल्यावर तर ॲप उघडूच नका.

दुकानात उधारीचं खातं ठेवावं का?

शक्यतो नको. ठेवलंच तर वही आपल्याकडेही हवी आणि दर आठवड्याला जुळवायला हवी.

पुराच्या दिवसांत काय तयारी ठेवावी?

२००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी शहरात आलं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि गणपती पेठ, मारुती चौक, शिवाजी मंडईचा भाग पाण्यात होता. म्हणजे तुमची खोली उंचावर असली तरी जिथून सामान येतं तो बाजारच बंद पडतो, रस्ते तुटतात आणि भाजी-दूध मिळेनासं होतं.

जुलै संपता संपता दहा दिवसांचे तांदूळ, डाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, मीठ, मेणबत्त्या आणि काडेपेटी वेगळी ठेवा. भरलेला गॅस ठेवा. पिण्याच्या पाण्याचे कॅन आधीच भरा, नळाचं पाणी नंतर आठवडाभर उकळूनच प्यावं लागतं. पूर ओसरल्यावर भिजलेल्या मालातलं धान्य, पिठाची पाकिटं, डबे मातीमोल भावात विकायला येतात. ते अजिबात घेऊ नका. पाकीट बाहेरून पुसलेलं असलं तरी आत गटाराचं पाणी शिरलेलं असू शकतं.

वजनात मारलं किंवा एमआरपीपेक्षा जास्त घेतले, तर कुणाला सांगायचं?

एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यामुळे "थंड करायचे दोन रुपये" देण्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक काटा शून्यावर आहे का, हे माल ठेवण्याआधी बघा. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का असावा लागतो. आधी दुकानदाराशी शांतपणे बोला, बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. पावती आणि पाकिटावरच्या छापील किमतीचा फोटो जवळ असू द्या, तक्रार नोंदवताना आधी तेच विचारतात.